दादाभाई नौरोजी मार्गावरील दुकानांचे दर्शनी भाग : एक वास्तुसमीक्षा

प्रस्तावना

मुंबईच्या वास्तुवारशाचा विचार सामान्यतः एकेका भव्य इमारतीच्या अनुषंगाने केला जातो. रेल्वे स्थानक, राजाबाई टॉवर, उच्च न्यायालय, महापालिका अशी नामावली जणू ठरलेलीच असते. या इमारतींचे वास्तुकार ज्ञात आहेत, त्यांच्या बांधकामाची वर्षे ज्ञात आहेत आणि त्यांच्यासमोर उभे राहून त्यांच्याकडे कसे पाहावे याची रीतही रूढ झालेली आहे. दुकानांच्या रस्त्याचे तसे नसते. तेथे पाहणारा थांबत नाही, तो चालत असतो. इमारतीचा मालक एक, गाळ्याचा भाडेकरू दुसरा, आणि दर्शनी भागावर दर दहा-वीस वर्षांनी नवा थर चढत असतो. त्यामुळे अशा रस्त्याची समीक्षा करताना कोणत्या काळातील, कोणाची आणि कोणासाठी असलेली वास्तू आपण तपासत आहोत, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो.

क्रॉफर्ड मार्केटपासून फ्लोरा फाउंटनपर्यंत सुमारे दीड किलोमीटर पसरलेला डॉ. दादाभाई नौरोजी मार्ग, म्हणजेच पूर्वीचा हॉर्नबी रोड, हे अशा रस्त्याचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण होय. प्रस्तुत लेखात या मार्गाच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ते फ्लोरा फाउंटन या दक्षिणेकडील टप्प्याचा प्रामुख्याने विचार केला आहे. या टप्प्याचे वास्तुमूल्य वरच्या मजल्यांवरील कोरीवकामापेक्षा तळमजल्याच्या कमानदार पडवीत अधिक आहे, आणि संवर्धनाच्या धोरणाने दर्शनी भागाकडे जितके लक्ष दिले तितके या पडवीकडे दिलेले नाही, अशी भूमिका येथे मांडण्यात आली आहे.

तटबंदीच्या जागी रस्ता

विल्यम हॉर्नबी हा १७७१ ते १७८४ या काळात मुंबईचा गव्हर्नर होता. त्याचे नाव मिळालेला मूळ रस्ता किल्ल्याच्या तटबंदीच्या आत होता आणि आजच्या मानाने तो अगदीच अरुंद होता. १८६२ ते १८६७ या काळात गव्हर्नर असलेल्या सर बार्टल फ्रिअरच्या कारकिर्दीत तटबंदी पाडली गेली. कापसाच्या तेजीचा पैसा शहरात खेळत होता, लोकवस्ती वाढत होती आणि तटाखाली अडकून पडलेली जमीन एकाएकी मोकळी झाली. पुढील तीन-चार दशकांत या जमिनीवर शासकीय इमारती उभ्या राहिल्या, रस्ते रुंद झाले आणि हॉर्नबी रोड हा शहराचा प्रतिष्ठित व्यापारी रस्ता बनला.

तटबंदी गेल्यानंतरच्या मुंबईने रस्त्याला एकसंध रूप देण्याचा पहिला प्रयोग हॉर्नबी रोडवर केला नव्हता. १८७२ मध्ये पूर्ण झालेल्या एल्फिन्स्टन सर्कलमध्ये, म्हणजे आजच्या हॉर्निमन सर्कलमध्ये, बागेभोवतीच्या सर्व इमारतींना एकच मुखभाग देण्यात आला होता. वर्तुळाकार जागेला ते शोभले. परंतु लांबलचक बाजाररस्त्यावर प्रत्येक मालकाने एकाच नकाशाबरहुकूम इमारत बांधावी अशी अपेक्षा धरणे व्यवहार्य नव्हते, कारण येथे भूखंड वेगवेगळ्या मालकांचे होते आणि ते वेगवेगळ्या वेळी बांधले जात होते. १८९६ च्या शासकीय नियमाने यातून एक शहाणा मार्ग काढला. या रस्त्यालगतच्या इमारतींच्या तळमजल्याला पादचाऱ्यांसाठी कमानदार पडवी असलीच पाहिजे, असे बंधन घालण्यात आले. त्या पडवीच्या वर मालकाने गॉथिक बांधावे, अभिजात ग्रीक-रोमन धाटणीचे बांधावे की घुमट-छत्र्यांची इंडो-सारासेनिक शैली स्वीकारावी, हा त्याच्या हौसेचा आणि खिशाचा प्रश्न राहिला.

या नियमाचे परिणाम आजही पायी चालताना अनुभवता येतात. वरच्या मजल्यांवर विलक्षण विविधता आहे. मालाडचा पिवळसर दगड, काळसर बसॉल्ट आणि पोरबंदरचा फिकट चुनखडक हे तिन्ही या परिसरातील इमारतींत भेटतात. १८९८ साली उभी राहिलेली जे. एन. पेटिट संस्थेची ग्रंथालयाची इमारत टोकदार कमानींच्या गॉथिक वळणाची आहे, तर १८८१ ची वाच्छा अग्यारी प्राचीन इराणचे स्मरण करून देणारे पंखधारी वृषभ प्रवेशद्वाराशी घेऊन उभी आहे. एकमेकींशी काहीही नाते नसलेल्या अशा इमारती ओळीने पाहताना गोंधळ वाटायला हवा. तो वाटत नाही, कारण डोळ्यांच्या पातळीवर खांब, कमान, सावली, पुन्हा खांब असा एक ठेका अखंड चालू असतो. वास्तुकाराच्या प्रतिभेपेक्षा नगरशासनाच्या एका कलमाने साधलेली ही किमया आहे, हे वास्तूच्या अभ्यासकांनी काहीशा संकोचाने का होईना, मान्य केले पाहिजे.

मार्ग साधारणपणे उत्तर-दक्षिण आहे. त्यामुळे पश्चिम बाजूच्या इमारतींवर सकाळचे ऊन आणि पूर्व बाजूच्या इमारतींवर दुपारनंतरचे ऊन थेट येते. पावसाळ्यात नैर्ऋत्येकडून येणारी सर छत्रीला दाद देत नाही. अशा हवामानात पडवी ही चालण्याची पूर्वअट ठरते. वाड्याची ओसरी किंवा कोकणातील घराची पडवी यांच्याशी परिचित असलेल्या समाजाला ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नव्हते. फरक इतकाच की घराची पडवी घरमालकाच्या ओळखीच्यांसाठी असते, ही पडवी अनोळखी माणसासाठी बांधली गेली. इमारत खाजगी आणि तिच्या पोटातली वाट सर्वांची, अशी ही व्यवस्था आहे.

दोन युरोपीय रस्ते

या व्यवस्थेचे मोल समजण्यासाठी युरोपातील दोन व्यापारी रस्त्यांशी तिची तुलना उपयुक्त ठरते. पॅरिसमधील रू द रिव्होली हा रस्ता नेपोलियनच्या काळात पर्सिए आणि फोंतेन या वास्तुकारांनी आखला. तेथे कमानींची पडवी तर सक्तीची होतीच, शिवाय हातोडा वापरणारे कारागीर, खाटीक, भट्टी लागणारे पाववाले यांना गाळे देण्यास मनाई होती आणि धंदा दर्शविणारे फलक लावण्यासही बंदी होती. म्हणजे रस्त्याचे सौंदर्य राखण्यासाठी त्याने काही माणसांना आधीच बाहेर ठेवले.

लंडनच्या रीजंट स्ट्रीटची कथा याच्या उलट दिशेने गेली. जॉन नॅश याने या रस्त्याच्या वळणदार भागात, ज्याला क्वाड्रंट म्हणतात, पदपथावर ओतीव लोखंडी स्तंभांची छायावाट उभारली होती. दुकानदारांना ती रुचली नाही. दुकानात अंधार पडतो आणि आडोशाला नको ती माणसे रेंगाळतात, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. अखेर १८४८ मध्ये ती पाडण्यात आली. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी याच क्वाड्रंटच्या पुनर्बांधणीसाठी रिचर्ड नॉर्मन शॉ या वास्तुकाराने जाड दगडी खांबांच्या भारदस्त कमानी योजल्या, तेव्हाही दुकानदारांनी तक्रार केली की अशा कमानींत मालाच्या मांडणीला काच उरत नाही. शॉची योजना पूर्ण झाली नाही आणि उरलेले काम सर रेजिनल्ड ब्लोमफील्ड यांच्या आराखड्यानुसार झाले. मुंबईच्या वाचकाला शॉचे नाव अपरिचित असले तरी त्याची कृती अपरिचित नाही. हॉर्नबी रोडच्या दक्षिण टोकाशी १८६४ पासून उभे असलेले फ्लोरा फाउंटन त्यानेच रेखाटले आणि जेम्स फोर्सिथ याने पोर्टलंडच्या दगडात घडविले.

दुकानदाराला उजेड हवा असतो, चालणाऱ्याला सावली हवी असते. रीजंट स्ट्रीटवर दुकानदार जिंकला. मुंबईत नियमामुळे आणि सूर्यामुळे चालणारा जिंकला, निदान कागदावर तरी.

काच आणि गादी

पडवीच्या आत, खांबांच्या ओळीमागे, खरे दुकान सुरू होते. काळबादेवी किंवा पायधुणीच्या बाजारातील दुकानाची रीत वेगळी होती. तेथे जोत्यावर गादी असे, शेठजी गादीवर बसत, गिऱ्हाईक पुढ्यात येई आणि माल मागणीनुसार कपाटातून निघून पांढऱ्या चादरीवर पसरला जाई. दुकानाला स्वतंत्र असा दर्शनी भाग नसे. फळ्या काढल्या की दुकान उघडे, लावल्या की बंद. भाव बोलण्यातून ठरे. हॉर्नबी रोडवरील युरोपीय पद्धतीच्या दुकानाने गिऱ्हाईक आणि माल यांच्यामध्ये काच उभी केली. माल आधीच मांडलेला, किंमत आधीच ठरलेली आणि बोलण्याची गरज कमीत कमी. या काचेला बाहेरच्या झगमगाटापासून संरक्षण हवे असते, अन्यथा तिच्यात समोरच्या रस्त्याचेच प्रतिबिंब दिसते. पडवीची सावली हे काम आपोआप करी. म्हणजे लंडनच्या दुकानदाराला जी अडचण वाटली तीच मुंबईच्या उन्हात त्याच्या धंद्याला सोयीची होती.

व्हाइटअवे लेडलॉ हे या मार्गावरील अशा दुकानांतील मोठे नाव. १८८२ मध्ये कलकत्त्यात सुरू झालेली ही पेढी उधारी देत नसे. तिच्या नावावर इंग्रजीत रोखीची कोटीही रूढ झाली होती. मुंबईतील तिचे दुकान ज्या वास्तूत होते तीच पुढे मेट्रोपॉलिटन इन्शुरन्स हाऊस म्हणून ओळखली जाऊ लागली आणि १९५४ पासून तेथे खादी भांडार चालू झाले. वास्तुसमीक्षेच्या दृष्टीने ही घटना फार बोलकी आहे. विलायती कापडाच्या विक्रीसाठी घडविलेल्या त्याच कमानी, तोच उंच छताचा दालनपट आणि त्याच काचा हातमागाच्या कापडासाठी वापरात आल्या. इमारतीला एकही टाकी न लावता तिचा अर्थ पालटला. ज्या दादाभाईंनी भारतातून इंग्लंडकडे वाहणाऱ्या संपत्तीचा हिशेब मांडला त्यांचे नाव याच रस्त्याला मिळावे, यातही तसाच एक पालट आहे. भांडार चालविणाऱ्या संस्थेचे प्रमाणपत्र २०२२ च्या आरंभी खादी व ग्रामोद्योग आयोगाने, खादी नसलेला माल विकल्याच्या कारणावरून रद्द केले. दर्शनी भाग कितीही अस्सल राखला तरी आतील मालाची अस्सलता त्याच्या हातात नसते.

याच रस्त्यावरील आनंद भवन हे दुसरे उदाहरण. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले आणि पुढे फोर्टमधील बुद्ध भवन व आनंद भवन या वास्तूंत संस्थेची महाविद्यालये स्थिरावली. ज्या पडवीतून एकेकाळी साहेबी गिऱ्हाईक चालले त्याच पडवीतून नोकरी करून शिकणारा, आपल्या घराण्यातील पहिलाच पदवीधर होऊ पाहणारा विद्यार्थी सकाळच्या तासिकेला जाऊ लागला. वारशाच्या पुस्तकांत या मार्गाच्या कोरीवकामाला पानेच्या पाने मिळतात. त्या मानाने या चालण्याला फारशी जागा मिळालेली दिसत नाही.

भाडे आणि पाटी

या मार्गावरील दर्शनी भागांची जी दुरवस्था विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाली तिचे खापर बहुधा दुकानदारांच्या अभिरुचीवर फोडले जाते. हे निदान अपुरे आहे. मुंबईच्या १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधून टाकली. महागाई वाढत गेली, भाडे तिथेच राहिले. मालकाला मिळणाऱ्या भाड्यातून दगडी कॉर्निस आणि लाकडी सज्जांची डागडुजी करणे अशक्य झाले आणि त्याचा त्यातील रसही संपला. दुसरीकडे गाळ्याचा भाडेकरू पागडी मोजून आलेला असल्याने त्याला बाहेर काढणे कठीण होते आणि त्याच्याकडे धंद्यातला पैसाही होता. परिणामी एकाच इमारतीच्या दोन इमारती झाल्या. वरची मालकाची, जिला कोणी हात लावीत नाही. खालची भाडेकरूची, जी दर काही वर्षांनी कात टाकते. भाडेकरूच्या अधिकारातील दर्शनी भाग म्हणजे त्याच्या गाळ्याची रुंदी आणि तिच्यावरची पाटी. त्याने आपली सारी हौस, सारी स्पर्धा तेथे ओतली. १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याने वार्षिक चार टक्के वाढीस मुभा दिली आणि बँका, मोठ्या कंपन्या अशा भाडेकरूंना संरक्षणातून वगळले, तरी लहान दुकानदारांच्या बाबतीत मूळ घडी फारशी बदलली नाही.

पाटी पडवीच्या आतून बाहेर का आली, याचे उत्तर पाहणाऱ्याच्या वेगात आहे. पायी चालणाऱ्याला पडवीतील, दाराच्या माथ्यावरची हातभर रुंदीची पाटी पुरते. बसमधून किंवा मोटारीतून जाणाऱ्याला ती दिसतच नाही. त्याच्यासाठी पाटी खांबांच्या बाहेर, कमानीच्या तोंडावर आली. मग शेजाऱ्याची तिच्याहून मोठी झाली. मग प्लास्टिकच्या पेट्यांत दिवे आले. कमान झाकली गेली, स्तंभशीर्षांवरची पाने-फुले झाकली गेली आणि त्या पेट्यांच्या मागे गाळ्यांत पोटमाळे चढले.

बृहन्मुंबईसाठी १९९५ मध्ये वारसा नियमावली लागू झाली आणि इमारतींना श्रेणी मिळाल्या. दादाभाई नौरोजी मार्ग संपूर्ण पथदृश्य म्हणूनही सूचीत आला. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मुंबई महानगर प्रदेश वारसा संवर्धन संस्थेच्या साहाय्याने वास्तुसंवर्धक आभा नारायण लांबा यांनी या मार्गाचा अभ्यास करून फलक आणि पथ-उपस्करांसाठी मार्गदर्शक तत्त्वे तयार केली. फलकाने कमान व कोरीवकाम झाकू नये, तो इमारतीच्या अंगच्या चौकटीत बसावा, हा त्यांचा गाभा. त्यांचे महत्त्व एवढ्यासाठी की ती केवळ दंडाच्या धाकाने राबविली गेली नाहीत. रस्त्यावरचे दुकानदार आणि रहिवासी 'हेरिटेज माइल असोसिएशन' या नावाने एकत्र आले आणि अनेकांनी आपल्या पाट्या स्वखर्चाने बदलल्या. पेट्या उतरल्यावर कित्येक दशकांनी कमानी दिसल्या. मुंबईत शासन, तज्ज्ञ आणि दुकानदार यांचे इतके जुळलेले क्वचितच आढळते आणि त्याचे श्रेय संबंधितांना निःसंकोच दिले पाहिजे.

तथापि समीक्षेला येथे एक प्रश्न विचारावा लागतो. 'पथदृश्य' या शब्दातच पाहणे गृहीत आहे. समोरच्या पदपथावर उभे राहून छायाचित्र घेणाऱ्याला जे दिसते ते सुधारले म्हणजे रस्ता सुधारला, असा त्याचा कळत-नकळत अर्थ होतो. १८९६ च्या नियमकर्त्यांनाही एकसंध दृश्य हवे होते यात शंका नाही. पण त्यांनी त्यासाठी जे साधन निवडले ते चालण्याचे होते. पाटी जागेवर आली, कमान उघडी झाली आणि कमानीच्या मागे पोटमाळ्याने छत खाली आणलेले, तारांची जुडगी लोंबकळणारी, दुकानाच्या शोकेसने हात-दीड हात आत घेतलेली पडवी तशीच राहिली, तर मुखवटा वाचला असे म्हणावे लागेल.

देवनागरीची जागा

पाटीचा प्रश्न २०२२ नंतर नव्या रूपात पुढे आला. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यात त्या वर्षी झालेल्या दुरुस्तीने लहानमोठ्या सर्व दुकानांना मराठी देवनागरी फलक बंधनकारक झाला आणि मराठी अक्षरे अन्य लिपीतील अक्षरांहून लहान नसावीत अशी अट आली. व्यापाऱ्यांच्या संघटनेने न्यायालयात दाद मागितली. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये पाट्या बदलण्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. राज्यभाषेचा हा आग्रह न्याय्य आहे, याविषयी येथे वाद नाही. व्हिक्टोरियन इमारतीवर देवनागरी शोभत नाही, हा काही मंडळींचा नाराजीचा सूर मात्र तपासून घेण्यासारखा आहे.

हा सूर ऐतिहासिकदृष्ट्या टिकत नाही. १८७८ ते १८८८ या काळात एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांच्या आराखड्यानुसार बांधल्या गेलेल्या व्हिक्टोरिया टर्मिनसवरील पाने, पक्षी, माकडे आणि मुखवटे याच मार्गावरील सर ज. जी. कला विद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी जॉन ग्रिफिथ्स यांच्या मार्गदर्शनाखाली घडविली. ज्या हातांनी ती घडली ते हात येथलेच होते. लिपीच्या बाबतीतही मुंबई दरिद्री कधीच नव्हती. जावजी दादाजींच्या निर्णयसागरने पाडलेले देवनागरी टाइप एकोणिसाव्या शतकात देशभर वाखाणले गेले, आणि अलीकडच्या काळात र. कृ. जोशींसारख्या अक्षरकाराने संगणकासाठी 'मंगल' हा टंक रेखाटला. उणीव लिपीत नाही. पाटी करून देणाऱ्याच्या दुकानात जो टंक संगणकावर आयता सापडतो तो ताणून, दाबून जागेत बसविण्याची जी सवय लागली आहे तिच्यात ती आहे.

अडचण खरी आहे ती मापाची. रोमन मोठ्या अक्षरांची ओळ एकाच उंचीच्या पट्टीत बसते; वर-खाली काही उरत नाही. देवनागरीला तीन मजले लागतात. शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार. मध्ये अक्षराचे अंग. खाली उकार आणि रुकार. समान उंचीच्या पट्टीत दोन्ही लिपी बसविल्या तर देवनागरीचे अंग रोमनपेक्षा बरेच लहान दिसते, आणि अंगाची उंची समान केली तर पट्टी पुरत नाही. कमानीखालच्या उथळ पट्टीत दोन ओळी घालायच्या म्हटले की दुकानदार पाटी वाढवितो आणि पाटी पुन्हा कमानीवर चढते. निरीक्षक अक्षरांचे माप पाहतो, वारसा समितीला कमान दिसते. एकाच पाटीकडे दोन खाती दोन दिशांनी पाहतात आणि मध्ये सापडलेला दुकानदार जो आधी दंड करील त्याचे ऐकतो.

यावरचा तोडगा लिपीच्या स्वभावातच आहे. मार्गदर्शक तत्त्वांना सुटी, कोरून बसविलेली अक्षरे प्रिय असतात, कारण त्यांच्या मागचा दगड दिसत राहतो. रोमन अक्षरे एकेक सुटी बसवावी लागतात आणि कालांतराने एखादे गळून पडते. देवनागरी शब्द शिरोरेषेने बांधलेला असल्याने तो पितळेत किंवा लोखंडात अखंड कापता येतो, दोन-तीन खिळ्यांवर पेलतो आणि त्याची शिरोरेषा इमारतीच्या आडव्या दगडी पट्टीला समांतर धावते. केवळ मराठी फलक लावला तर मापाचा प्रश्नच उद्भवत नाही. कायद्याला दुसऱ्या लिपीची गरज नाही. दुसरी लिपी हवीच असेल तर ती पडवीच्या आत, दाराच्या माथ्यावर, चालणाऱ्याच्या नजरेपुरती ठेवता येईल. असा नमुना तयार करण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. कला आणि वास्तुकला यांची महाविद्यालये याच मार्गाच्या उत्तर टोकाला आहेत.

पडवी कोणाची

शेवटी प्रश्न येतो तो खांबांच्या मधल्या जागेचा. तेथे आज शर्ट, पट्टे, मोबाइलची आवरणे, घड्याळे विकणारे फेरीवाले असतात. दुकानदार म्हणतो, माझी काच झाकली गेली. हे रीजंट स्ट्रीटवरील जुन्या तक्रारीचेच मुंबई रूप आहे. परंतु फेरीवाल्याला केवळ अतिक्रमण म्हणून बाजूला सारणे न्यायालयांनीही मान्य केलेले नाही. १९८५ च्या बॉम्बे हॉकर्स युनियन खटल्यापासून विक्रीची क्षेत्रे आखण्याचा विचार पुढे आला आणि २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने उपजीविकेचे संरक्षण स्पष्ट शब्दांत मान्य केले. वास्तुदृष्ट्या पाहता फेरीवाल्याने पडवीची मूळ क्षमताच ओळखली आहे. जेथे सावली आहे तेथे माणूस चालतो, जेथे चालतो तेथे रेंगाळतो, जेथे रेंगाळतो तेथे विकत घेतो. फक्त त्याची पथारी दोन खांबांच्या मध्ये, रस्त्याच्या कडेला राहिली तर चालणाऱ्याच्या दोन्ही हातांना बाजार होतो आणि वाट उरते. ती पडवीच्या मध्यापर्यंत सरकली की वाट संपते. दुकानाची शोकेस समोरून पुढे आली तरी नेमके हेच होते. पण ते अतिक्रमण कोणाच्या डोळ्यांवर येत नाही, कारण त्याला काच असते.

म्हणून या मार्गासाठी पाटीच्या मापाइतकेच पडवीच्या मोकळ्या रुंदीचे माप ठरले पाहिजे. प्रत्येक इमारतीखाली खांबापासून दुकानाच्या दारापर्यंत मूळ किती अंतर होते, आज त्यातले किती चालण्यास उरले आहे, पोटमाळ्यामुळे छत किती खाली आले आहे, याची इमारतवार नोंद वारसा समितीच्या दप्तरी असावी, आणि दुकान-नूतनीकरणाची परवानगी देताना पाटीच्या रेखाटनाबरोबर पडवीचा छेदनकाशाही मागितला जावा. फेरीवाल्यांच्या जागा आखणाऱ्या नगर पथविक्रेता समितीपुढेही हाच नकाशा असावा.

ऑक्टोबर २०२५ मध्ये भुयारी मेट्रोची छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस आणि हुतात्मा चौक ही दोन स्थानके सुरू झाली. याच मार्गाचे भुयार खोदताना २०१७ मध्ये पेटिट संस्थेच्या इमारतीच्या सुरक्षिततेचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला होता. मोटारीच्या वेगाने पाटी बाहेर आणली होती. मेट्रोतून वर येणारा प्रवासी पुन्हा पायी चालणारा आहे. त्याच्या नजरेसाठी दाराच्या माथ्यावरची हातभर पाटी पुरेशी आहे. जूनच्या पहिल्या सरीत तो जिन्यावरून वर येतो, छत्री उघडण्याआधी जवळची कमान शोधतो आणि तिच्याखाली शिरतो. पुढच्या खांबाशी वाट अडलेली असेल तर तो पदपथावर येतो, आणि तोही भरलेला असला की पाण्यातून बसच्या बाजूने चालू लागतो.